चोवीस पानांच्या पुस्तकाला एवढे पैसे कशाचे? चित्रांच्या पुस्तकामागचा जुना हिशोब

सुट्टीत बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. मुलांच्या टेबलापाशी एक तरुण गृहस्थ चित्रांचं एक पुस्तक उलटसुलट करून पाहत होते. शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी, तिचा एक हात पुस्तकावरच. "चोवीस पानांचे दोनशे चाळीस? म्हणजे पानाला दहा रुपये झाले. त्या बाजूला साडेतीनशे पानांची कादंबरी तीनशेला आहे." पुस्तक टेबलावर परत गेलं. मुलीचा हात मात्र काही वेळ तिथेच होता.

त्या गृहस्थांची शंका अगदी रास्त होती, आणि तिचं उत्तर त्या टेबलावर कुणी दिलं नाही. मी देऊ शकले असते. माझे काका रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांचं भिंग आणि त्यांनी जपलेली दोन-तीन जुनी मुलांची पुस्तकं आता माझ्याकडे आहेत. त्या भिंगातून पुस्तकांची पानं पाहिली की पानाला दहा रुपये का पडतात ते कळतं. बालपुस्तकांत चित्रं यायला जगभर इतका वेळ का लागला, तेही कळतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

खर्च कागदाचा नाही, पहिल्या प्रतीचा

चूल पेटवायला लागणारं जळण एका भाकरीला जेवढं, जवळजवळ तेवढंच दहा भाकऱ्यांना. छपाईचं असंच आहे. यंत्र सुरू होण्याआधी जे काही करावं लागतं, त्या सगळ्याला आपण पहिल्या प्रतीचा खर्च म्हणू. त्यात लेखन, चित्रं, जुळणी, ठसे असं सगळं आलं. यंत्र एकदा चालू झालं की पुढच्या प्रतीला फक्त कागद, शाई आणि मजुरी.

समजा, एका चित्रपुस्तकाचा पहिल्या प्रतीचा खर्च एक लाख रुपये आला. हजार प्रती काढल्या, तर प्रत्येक प्रतीवर शंभर रुपयांचा बोजा. वीस हजार काढल्या, तर पाच रुपयांचा. कादंबरीत मुखपृष्ठ सोडलं तर चित्रकाराचं काम नसतं. चित्रपुस्तकात पानोपानी असतं, आणि एकेका पानावर तो आठवडा घालवतो. म्हणून पानं मोजून चित्रपुस्तकाची किंमत समजत नाही. ती किती घरांत जाणार आहे, ते मोजावं लागतं.

आता मागे जाऊ. गेल्या साडेतीनशे वर्षांत कारागिरांनी आणि प्रकाशकांनी जे केलं, ते या एका खर्चाशी झगडणं आहे.

"पण आपल्याकडे सचित्र पोथ्या होत्याच की!"

होत्या, आणि सुंदर होत्या. कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या आहेत. एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची, आणि समोर लहान-मोठे सगळे बसलेले. पण हाताने काढलेल्या पोथीची प्रत्येक प्रत ही पहिलीच प्रत असते. दुसरी हवी तर पुन्हा तेवढेच दिवस बसायचं. त्यामुळे अशी पोथी दरबारात राहते, देवळात राहते, कथेकऱ्याच्या गाठोड्यात राहते. मुलाच्या उशीखाली जात नाही. मुलाने लोळत वाचायचं, फाडायचं, त्यावर दूध सांडायचं पुस्तक हवं असेल, तर ते छापलंच पाहिजे.

अक्षर उंच, चित्र खोल

छपाईच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत आणि दोन्ही घरातल्या वस्तूंनी समजतात. भेंडी कापून रंगात बुडवून कागदावर उमटवतो, तिथे जे उंच आहे ते उमटतं. शिशाचे खिळे असेच काम करतात. दुसरी तऱ्हा उलटी. हळद कुटल्यावर हात धुतला तरी तळहाताच्या रेषांत पिवळं राहतंच. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, शाई चोळायची, वरची पुसायची. रेघांत उरलेली शाई जोरात दाबल्यावर कागद ओढून घेतो.

तांब्यावरचं चित्र नाजूक येतं, पण अक्षर उंच आणि चित्र खोल, म्हणून दोघं एका यंत्रात एका दाबाखाली छापता येत नाहीत. मजकुराला एक यंत्र, चित्राला दुसरं. खर्च दुप्पट. मजकुराच्या शेजारी चित्र हवं असेल तर ते लाकडात, खिळ्याच्याच उंचीचं, उठावाने कोरलेलं हवं. जुन्या लाकडी ठशांच्या रेघा मात्र जाड येत.

तरीही कोमेनियसने ते केलं. हा मध्य युरोपातल्या मोराव्हियाचा धर्मगुरू आणि शिक्षक, युद्धामुळे देश सोडून फिरावं लागलेला. मुलं लॅटिन घोकतात पण वस्तू पाहत नाहीत, हे त्याला खुपत होतं. त्याने चित्रांतून जगाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे, खाली त्याच आकड्यांनी शब्द, एका रकान्यात लॅटिन आणि दुसऱ्यात मुलाची भाषा. सुरुवातीला प्राण्यांच्या आवाजांवरून अक्षरं शिकवली आहेत आणि पहिला मान कावळ्याचा, 'आ आ' ओरडणारा. हे पुस्तक त्याने हंगेरीत असताना लिहिलं, पण तिथे चांगला लाकूड-कोरक्या मिळेना. म्हणून ते थांबलं आणि १६५८ साली जर्मनीतल्या न्युरेंबर्गला छापून निघालं. युरोपातलं मुलांचं पहिलं मोठं चित्रपुस्तक कोरक्यावाचून रखडलं होतं, ही गोष्ट मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही पाठापेक्षा जास्त शिकवते.

पुढे १७४४ साली लंडनच्या जॉन न्यूबेरीने खिशात मावेल असं चित्रांचं छोटं पुस्तक काढलं. किंमत सहा पेन्स. आठ पेन्स दिले तर मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्या टोचायची उशी. एक बाजू लाल, एक काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. न्यूबेरी पक्का व्यापारी होता. पहिल्या प्रतीचा खर्च भरून काढायचा तर हजारोंनी गिऱ्हाईक हवं, आणि ते मुलाच्या खुशीतून येतं, हे त्याला कळलं होतं.

लाकडाची आडवी बाजू

जाड रेघेचा प्रश्न इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने सोडवला. तोपर्यंत ठसे फळीवर, म्हणजे झाडाच्या उभ्या रेषांच्या अंगाने कोरत. तिथे सुरी रेषेत अडकते, कपचा निघतो. ब्यूइकने ओंडक्याचा आडवा काप घेतला, बॉक्सवूड नावाच्या घट्ट झाडाचा. स्वयंपाकघरातल्या लाकडी ठोकळ्यावर कितीही सुऱ्या चालवल्या तरी तो टिकतो, तशी ही बाजू टिकाऊ. तांब्यावर चालवतात तशी टोकदार हत्यारं त्यावर चालतात आणि केसाएवढी रेघ येते. त्याचं चतुष्पाद प्राण्यांचं पुस्तक १७९० साली निघालं आणि पक्ष्यांचं १७९७ पासून. शिवाय ठसा खिळ्याच्या उंचीचा, म्हणजे मजकुरासोबत एकाच दाबात छापता येणारा.

बॉक्सवूडचं खोड बारीक असतं. म्हणून ठसा लहान, म्हणून जुन्या पुस्तकांतली चित्रंही लहान. मोठं हवं तर ठोकळे जोडायचे.

चित्रकार आणि कागद यांच्यामध्ये कोरक्याचा हात होताच. त्यात छपाई चुकली तर सगळं पाण्यात. सशाच्या बिळात पडणाऱ्या ॲलिसच्या गोष्टीचं १८६५ सालचं पहिलं मुद्रण बाजारातून मागे घ्यावं लागलं. चित्रकार जॉन टेनियलला आपली चित्रं नीट उमटलेली नाहीत असं वाटलं म्हणून. छापून तयार दोन हजार प्रती. आज एवढा हट्ट कोण चालवून घेईल?

रंग कुणी भरले?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचा जॉन हॅरिस रंगीत बालपुस्तकं विकत होता. रंग हाताने भरलेले असत. त्या काळी हे काम एका ओळीत बसवलेल्या मुलांकडून करून घेत. एकाकडे फक्त लाल, पुढच्याकडे फक्त निळा, पान सरकत जायचं. श्रीमंतांच्या मुलांना फुलपाखरू रंगीत दिसावं म्हणून गरिबांची मुलं दिवसभर एकच रंग लावत बसायची. माझ्याकडे त्यातलं एकही पुस्तक नाही, पण संग्रहालयांनी छापलेल्या प्रतिमांत रंग रेघेबाहेर गेलेला दिसतो. कुणाचा हात दमला असेल, ते आठवतं.

ही पद्धत मोडली एडमंड इव्हान्स नावाच्या छापखानेवाल्याने. प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा, एकावर एक नेमका बसवून छापायचा. रांगोळीच्या छापाचे डबे असतात ना, एक पांढऱ्याचा, त्यावर एक गुलालाचा? डबा जरा हलला की पाकळी फुलाबाहेर. तसंच. ठसे वाढले, पहिल्या प्रतीचा खर्च कित्येक पट झाला. इव्हान्सने तो प्रती वाढवून पेलला. त्याने वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ काल्डेकॉट आणि केट ग्रीनवे या तिघा चित्रकारांना हाताशी धरलं. १८७९ साली नवख्या ग्रीनवेचं पहिलं पुस्तक त्याने एकदम वीस हजार छापलं. लोकांनी त्याला वेडा ठरवलं. सगळ्या प्रती संपल्या.

मग मराठीत एवढा उशीर का?

हा प्रश्न माझ्या मनाला फार लागतो, कारण सुरुवात आपण उशिरा केली नव्हती. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालवला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ साली 'बाळमित्र' आणि इसापनीती दिली. गोष्टी होत्या, वाचणारीही थोडी होती.

अडचण खिळ्यांची होती. इंग्रजीच्या पेटीत शंभर-सव्वाशे घरं पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून कित्येक शेकडा. काका सांगत, नवा पोरगा आला की पेटीतली घरं पाठ होण्यातच त्याचं वर्ष जायचं.

यावर एक तोड होती, शिळाछाप. बव्हेरियात सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधली. सपाट दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. लोणच्याच्या बरणीला लागलेल्या तेलावरून पाणी ओघळून जातं, तसं तेलकट रेघेवर पाणी बसत नाही. शाई बसते. इथे खिळे नाहीत, म्हणून अक्षर काढणारा आणि चित्र काढणारा एकाच दगडावर काम करू शकतात. मुंबईत ही कला १८२०च्या दशकात आली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापाचं पंचांग काढलं. पुढे चित्रं असलेल्या पोथ्याही शिळाछापावर निघाल्या.

म्हणजे मजकूर आणि चित्र जोडायचं साधन आपल्याकडे होतं. ते धर्मग्रंथांकडे आणि पंचांगांकडे गेलं, कारण घरोघरी खप त्यांचा होता. मुलांची पुस्तकं शाळाखात्याची. त्यांचं काम परीक्षा, आणि किंमत कमीत कमी ठेवायची. त्यात चित्राला जागा उरत नव्हती. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ पासून नेमाने निघत राहिलं, हे मोठंच काम. पण त्या काळच्या मुलाला मराठी मिळालं ते मुख्यतः अक्षरांतून.

भिंतीवर रंग होता, पुस्तकात नव्हता

बडोद्यात राहणाऱ्या कुणालाही हा विरोध दिसेल. राजा रविवर्मांनी सयाजीराव महाराजांच्या सांगण्यावरून काढलेली पुराणातली चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहेत. अशी चित्रं घरोघरी पोचावीत म्हणून त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, रंगीत शिळाछापाचा, एकेका रंगाला एकेक दगड. आमच्या आजीच्या देवघरात त्यातलीच लक्ष्मी होती.

मग भिंतीवर लक्ष्मी रंगीत आणि मुलाच्या हातातलं पुस्तक काळं, असं का? भिंतीवरचं चित्र एकटं विकलं जातं. एका चित्राचे दगड, एका चित्राचं गिऱ्हाईक. पुस्तकात अशी वीस चित्रं हवीत, वर मजकूर वेगळ्या यंत्रावर. तेवढं करून विकायचं कुणाला, तर ज्याच्या खिशात एक आणाही नाही त्याला.

ते चिकटवलेलं गुळगुळीत पान

काकांकडच्या एका पुस्तकात चित्राचं पान वेगळंच आहे. जाड, चकचकीत, वर झिरझिरीत कागद, आणि कडेला फक्त बोटभर खळीने चिकटवलेलं. माझी नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी अक्षर लावून लावून वाचते. ती म्हणाली, "आजी, हे नंतर कुणी चिकटवलंय का? गोष्टीत राक्षस आधीच मेला आणि चित्र आता आलं."

तिच्या हातात भिंग दिलं. "ठिपके!" ती ओरडलीच. मोठे ठिपके जवळजवळ आले की काळं, बारीक आणि विरळ असले की करडं. याला हाफटोन म्हणतात. छायाचित्र काढताना मध्ये बारीक चौकड्यांची काच धरायची. सावलीचे ठिपके होतात आणि तेवढे ठिपके धातूवर उठावाने राहतात. आता कोरक्या मध्ये नाही, चित्रकाराचा हात सरळ कागदावर येतो. पण खरखरीत कागदावर ते ठिपके पसरतात, चित्र डागाळतं. म्हणून चिनी मातीचा लेप दिलेला महाग आर्ट पेपर लागतो. सगळं पुस्तक त्यावर परवडत नाही. मग चित्रं तेवढी त्यावर छापायची आणि बांधणीच्या वेळी जिथे जमेल तिथे चिकटवायची. राक्षस उशिरा येतो तो त्यामुळे.

हे तंत्र आपल्याकडे मनापासून आत्मसात केलं ते कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातली त्यांची चित्रं लाकडी ठशांनी पार बिघडवली. ते इतके हळहळले की त्यांनी विलायतेहून यंत्रं मागवून स्वतः हाफटोनचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे लेख लंडनच्या छपाईविषयक वार्षिकात छापून आले. पुढे १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं. मुलांच्या चित्रासाठी एक माणूस रसायनं आणि गणित शिकला, हे मला कुठल्याही शोधाइतकंच मोठं वाटतं.

आमच्या बडोद्यातही बीज होतं. त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने १८९० साली कलाभवन सुरू झालं, हस्तकौशल्य आणि उद्योग शिकवणारं. तिथेच छायाचित्रण शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी ठसे करण्याचा आणि छपाईचा धंदा केला.

वाचक कुठून आणायचे?

तंत्र आलं तरी हिशोब तोच. वाचक हवेत. इथे सयाजीराव महाराजांचं काम समजून घ्यावं. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पाहिलं आणि १९०६ साली सबंध राज्यात लागू केलं, मुलींनाही. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना वेगळी जागा, खेड्यांत फिरत्या पेट्या. १९१२ साली दोन लाखांचा निधी बाजूला काढला. त्यातून सयाजी साहित्यमाला निघाली आणि मुलांसाठी बालज्ञानमाला.

मला या योजनेत छापखान्याचा हिशोब दिसतो. शाळा वाचणारे वाढवते, आणि ग्रंथालय एका प्रतीचे वाचक वाढवतं.

"चित्रांमुळे मुलांची कल्पनाशक्ती मरते"

हे प्रदर्शनात एका आजोबांनी मला ऐकवलं. अक्षर वाचून मनात चित्र उभं राहतं, ते आयतं कशाला द्यायचं? जे चित्र मजकुराचीच री ओढतं, त्याच्याबद्दल हे खरं आहे. चांगलं चित्र मजकुराची री ओढत नाही.

काल्डेकॉटचं १८८२चं एक बडबडगीत घ्या. शेवटची ओळ एवढीच, की ताटली चमचीबरोबर पळून गेली. ओळ संपते. पान उलटल्यावर शब्द नसलेलं एक चित्र येतं. ताटली फुटून पडली आहे आणि चमचीला तिचे आईबाप, म्हणजे सुरी आणि काटा, धरून घरी नेत आहेत. मजकुरात यातलं काहीच नाही. मूल दोन्ही जोडून आपली गोष्ट करतं, आणि प्रत्येक मुलाची वेगळी होते. नातीला मी ते दाखवलं तेव्हा ती खूप वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताटलीचे आईबाबा कुठायत?"

आता सगळं संगणकावर होतं, मग महाग का?

ठसे गेले, खिळे गेले. माझ्या काकांची पेटी भंगारात गेली. आजचं रंगीत पानही भिंगाखाली ठिपक्यांचंच दिसतं, निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा या चारच शायांचे. ते छापणं खूप स्वस्त झालं आहे. चित्रकाराचे दिवस स्वस्त झालेले नाहीत, आणि होऊही नयेत. तेवढा खर्च उरतोच, आणि मराठी चित्रपुस्तकाच्या प्रती थोड्या निघतात म्हणून तो थोड्यांवर पडतो. बडोद्यात तर आमची मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात. मराठी पुस्तकाचं गिऱ्हाईक इथे आणखी थोडं.

के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानेही इथल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्‌स विभागाच्या मेळ्यासाठी मुलांची पुस्तकं केली होती. मोठा खप असायलाच हवा असं नाही. पण मग कुणीतरी तो खर्च आपुलकीने उचलावा लागतो.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ते चोवीस पानांचं पुस्तक टेबलावरच होतं. मी घेतलं आणि आमच्या वाड्याच्या जिन्याखाली मुलांचं जे फडताळ आहे, त्यात ठेवलं. आजवर तेरा मुलांनी घरी नेलं, म्हणजे एकेका मुलाला साडेअठरा रुपये पडले. मधल्या पानावरचा हत्ती घडीवर फाटला आहे. रविवारी त्याला मागून चिकटपट्टी लावायची आहे, रंगावर येणार नाही अशी.